मिरजेहून येणारी भाकरी

गेल्या रविवारी आम्ही आबांना घेऊन कोल्हापुरातल्या एका घरगुती हॉटेलात जेवायला गेलो होतो. तेथे जेवण रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीतून टेबलापर्यंत येते. एकाच घरातली माणसे हे हॉटेल चालवतात. थोरले बंधू गल्ल्यावर असतात, धाकटे रुळांची देखभाल करतात आणि सासू-सुना स्वयंपाकघर सांभाळतात. घरातले आजोबा रेल्वेत गेटमन होते आणि त्यांचा हिरवा-लाल बावटा गल्ल्यामागे काचेच्या चौकटीत जपून ठेवला आहे. रेल्वेची सजावट असलेली उपाहारगृहे आता अनेक शहरांत निघाली आहेत. पण त्यांपैकी बहुतेक ठिकाणी तिथली गाडी कुठून कुठे जाते, याचा कोणी विचार केलेला नसतो. येथे तो केलेला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘मिरज जंक्शन’ असे लिहिले आहे. तेथून निघालेले रूळ भिंतीच्या कडेने प्रत्येक टेबलापाशी पोहोचतात आणि टेबलांना जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट अशी ओळीने नावे दिली आहेत. हा क्रम खऱ्या मार्गाचाच आहे. आम्हाला रुकडीचे टेबल मिळाले. रुकडीच्या पुढे पंचगंगेवरचा पूल येतो, तसा तो येथेही आहे; लोखंडी पट्ट्यांचा, हातभर लांबीचा, आणि त्याच्या खांबांवर पुराच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या रेषासुद्धा रंगवलेल्या आहेत. पूर वाढला की याच पुलापाशी गाड्या अडकतात, हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही.

आबा त्या पुलाकडे बराच वेळ पाहत बसले होते. कोल्हापूर संस्थानाने बांधलेल्या या मार्गाची पायाभरणी 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि 1891 मध्ये गाडी धावू लागली, हे आम्ही शाळेत वाचले होते; परंतु तो मार्ग मुळात मीटर गेजचा होता, म्हणजे दोन रुळांमध्ये जेमतेम एक मीटर अंतर होते, आणि 1971 च्या सुमारास तो ब्रॉड गेज होईपर्यंत पुण्याकडे थेट मोठी गाडी जात नव्हती, हे आबांनी स्वतः पाहिले आहे. त्यांनी टेबलावर दोन्ही तळहात उभे धरून आधी एक मीटरचे अंतर दाखवले, मग हात लांब करून ब्रॉड गेजचे 1676 मिलिमीटर दाखवले. एके काळी मिरजेत मीटर गेज, ब्रॉड गेज आणि कुर्डुवाडीकडून येणारे नॅरो गेज असे तिन्ही रूळ होते, असे ते सांगत असतानाच आमची भाकरी मिरजेहून निघाली.

जेवणाची मागणी पुठ्ठ्याच्या लहान तिकिटावर लिहून देतात. संगणकावरची तिकिटे येण्यापूर्वी खिडकीतून मिळायचे तसेच हे जाड तिकीट असते आणि त्यावर तारखेचा ठसा यंत्रात दाबून उमटवतात. इंजिनामागे तीन उघडे डबे होते. पहिल्यात ज्वारीच्या भाकऱ्या, दुसऱ्यात सुके मटण, तिसऱ्यात कांदा, लिंबू, खर्डा आणि दह्याची वाटी. पुलाच्या वळणावर शेवटचा डबा घसरला आणि दही रुळांवर सांडले. धाकटे बंधू लगेच आले, त्यांनी रूळ पुसून घेतले, दुसरी वाटी आणून दिली आणि वळणाचा उतार अजून नीट बसलेला नाही, हे स्वतःहून सांगितले. हॉटेलात वाजणाऱ्या, स्थानकावरच्यासारख्या घोषणांचा आवाज मात्र फार मोठा होता. आबांना त्याचा त्रास झाला, तेव्हा सांगताच तो कमी केला गेला. हा बदल त्यांनी कायमचा करावा, असे मला मनापासून वाटते.

तांबडा आणि पांढरा रस्सा येथे गाडीतून येत नाही. मला या हॉटेलची सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. पांढरा रस्सा मटणाच्या आळणी पाण्यावर, तीळ, खसखस, काजू आणि नारळाच्या दुधात होतो. नारळाचे दूध घातल्यावर त्याला जोराची उकळी आली तर तो फुटतो, आणि निवला तर त्याची चव उतरते. म्हणून सूनबाई स्वतः पातेले घेऊन येतात आणि वाटी रिकामी होण्यापूर्वी भरतात. ‘आबा, घ्या की अजून, लाजू नका,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा आबांनी तिसरी वाटी पुढे केली. रस्सा वाढण्यात आग्रह असतो आणि आग्रह रुळांवरून पाठवता येत नाही, हे या घराला ठाऊक आहे. तांबड्या रश्शाला तिखटापेक्षा कांदा-लसूण मसाल्याचा भाजका वास अधिक होता, आणि तवंग बेताचा होता.

जेवणाची टेबले साध्या सागवानी लाकडाची आहेत. रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची का केली नाहीत, असे मी विचारले. लाकूड कुजू नये म्हणून स्लीपरांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असते, त्याचा वास वर्षानुवर्षे जात नाही आणि अशा लाकडावर अन्न ठेवणे योग्य नाही, असे थोरले बंधू म्हणाले. त्यामुळे आजोबांच्या वेळचा एकच स्लीपर त्यांनी दाराबाहेर, तुळशीपासून दूर, आडवा ठेवला आहे.

खरी रेल्वे कोल्हापुरात संपते. या हॉटेलातले रूळ मात्र ‘छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’ असे लिहिलेल्या टेबलापाशी थांबत नाहीत. ते कागदाच्या लगद्याच्या सह्याद्रीतल्या बोगद्यात शिरतात आणि पलीकडे कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी निघतात. त्या टेबलावर ‘वैभववाडी’ अशी पाटी आहे. कोकणातल्या वैभववाडीला जोडणाऱ्या, अजून न झालेल्या या मार्गाची वाट कोल्हापूरने किती पाहिली आहे, हे आबांच्या पिढीला विचारावे. आबा उठून त्या टेबलापर्यंत गेले, बोगद्यातून रिकामे डबे बाहेर येईपर्यंत थांबले आणि गल्ल्यावर जाऊन पुढच्या रविवारसाठी तेच टेबल आपल्या नावावर लिहून ठेवायला सांगितले.