दगडाआडचे लोखंड : पॅरिसच्या ऑपेरागृहाची बांधकाम-छायाचित्रे

पॅरिसमधील गार्निए ऑपेरागृहाची सोनेरी झगमग बहुतेकांच्या परिचयाची असते. मला मात्र ती इमारत उभी राहत असताना ‘देल्मे आणि द्युरांदेल’ या स्टुडिओने टिपलेली छायाचित्रे अधिक मोलाची वाटतात. १८६२ मध्ये देल्मे यांचे निधन झाले, तरी लुई-एमिल द्युरांदेल यांनी स्टुडिओचे जोडनाव कायम ठेवून हे काम पुढे चालवले.

१८६१ मध्ये या इमारतीच्या आराखड्यासाठी १७१ स्पर्धकांमधून वास्तुकार शार्ल गार्निए यांची निवड झाली, तेव्हा ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. पाया खोदताच भूजल लागले. वाफेवर चालणाऱ्या पंपांनी महिनोन्‌महिने रात्रंदिवस उपसा करावा लागला आणि अखेर रंगमंचाखाली पाण्याचे प्रचंड टाके बांधून तो प्रश्न सोडवण्यात आला.

या संग्रहात मला सर्वाधिक खिळवून ठेवतो तो लोखंडी सांगाडा. सभागृहावरील घुमटाच्या उघड्या फासळ्या, छताच्या कैच्या आणि त्यांना वेढणाऱ्या लाकडी परांच्या पाहिल्या की, संगमरवराने मढवलेली ही वास्तू आतून किती आधुनिक आहे, हे लख्ख कळते. पुढे हे सारे लोखंड दगड, गिलावा आणि सोन्याच्या मुलाम्याआड गेले. त्यामुळे ते डोळ्यांनी पाहायचे तर आज या छायाचित्रांनाच पर्याय नाही. याच द्युरांदेल यांनी नंतर आयफेल मनोऱ्याची उभारणीही टिपली. तिथे लोखंड झाकण्याची गरजच उरली नव्हती.

त्या काळी काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा थर देऊन, ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. म्हणजे धूळ, चुना आणि हातोड्यांच्या दणदणाटात काळोखी खोली हाताशी हवी. हालणारी माणसे पुसट होत, म्हणून काही चित्रांत गवंडी आणि पाथरवट काम थांबवून निश्चल उभे दिसतात. दर्शनी भागावरील शिल्पकारांची नावे इतिहासात नोंदली गेली, या कामगारांची नाहीत. तेव्हा निदान त्यांचे चेहरे उरले, याचे मला फार समाधान वाटते.

याशिवाय मुखवटे, स्तंभशीर्षे आणि वेलबुट्टी यांचीही स्वतंत्र चित्रे आहेत. प्रत्यक्षात हे अलंकरण इतक्या उंचीवर बसवले आहे की, रस्त्यावरून त्याचा केवळ आकार जाणवतो. चित्रात मात्र मुखवट्याच्या कपाळावरच्या आठ्याही मोजता येतात.