पेटी भाड्याने मिळेल: आमची वाटचाल

मधमाशा पाळतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मध कसा किलो?" मधही विकतो आम्ही, पण घर चालतं ते मधमाशांच्या पेट्यांच्या भाड्यावर: पिकाच्या फुलांत माशांनी पराग पोचवावा म्हणून शेतकरी पेट्या भाड्याने घेतात. अमेरिकेत ब्लूबेरी आणि बदामाच्या बागांना ट्रकच्या ट्रक भरून पेट्या भाड्याने जातात. आमच्या बुलढाणा-जालना पट्ट्यात तेच काम कांद्याच्या बियाण्यासाठी चालतं.

पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आम्ही दोघा भावांनी शिक्षण घेतलं आणि मधाचाच धंदा करायचा म्हणून निघालो. डोंगळ्यांच्या, म्हणजे बियाण्यासाठी फुलवलेल्या कांद्याच्या, प्लॉटवर पेट्या ठेवायला एका शेतकऱ्याने स्वतःहून पैसे देऊ केले, तेव्हा गणित बदललं.

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाची कुक्षी (पराग झेलणारं टोक) नंतर तयार होते, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो. संकरित बियाण्यात तर मादी ओळीला कामाचा पराग नसतोच. नर ओळीतून माशीने आणला, तरच गोंडा, म्हणजे फुलांचा झुपका, बियांनी भरतो. पण माशीला कांदा फारसा आवडत नाही! त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली की ती तिकडे वळते, आणि एकदा वळली की लवकर परत येत नाही. म्हणून साधारण दहा टक्के गोंडे उमलल्याशिवाय आम्ही पेट्या उतरवत नाही. "आठ दिवस आधीच ठेवा, बिघडलं काय?" असं म्हणणारे दरवर्षी भेटतात.

सातेरी माशी आपल्या मातीतली, पण फार हलवली तर पेटी सोडून जाते. भाड्याला मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीची माशीच बरी. नुसत्या पेट्या मोजून भाडं घेणारे पुष्कळ आहेत. आम्ही झाकण उघडून दाखवतो: सात-आठ फ्रेमा (पोळ्याच्या चौकटी) माशांनी झाकलेल्या, राणी अंडी घालतेय, अळ्या भरपूर. अळ्यांना पराग लागतो, त्यामुळे कामकरी माशा परागासाठी जास्त फेऱ्या मारतात. अर्धी रिकामी पेटी स्वस्तात घेऊन शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरी डोकेदुखी फवारणीची. थ्रिप्स (फुलकिडे) आले की शेतकरी पंप काढणारच, त्याला दोष कसा द्यायचा? आमच्या करारात एवढंच असतं: फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये, फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी कळवावं आणि दिवस मावळल्यावर फवारावं. एका हंगामात शेजारच्या प्लॉटवर भर दुपारी फवारणी झाली आणि पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा सडा पडला. करार ज्याच्याशी होता त्याची चूक नव्हती, आणि माशी काही बांध ओळखत नाही. आता सही करण्याआधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे चहाला जाऊन येतो. धंद्यातला हा सगळ्यात स्वस्त विमा.

पावसाळ्यात फुलं कमी, तेव्हा साखरेचा पाक पाजून वसाहती जगवाव्या लागतात. तो खर्च भाड्यात धरतो, म्हणून आमचा दर जास्त वाटतो.

हल्ली सांगोल्याकडचे डाळिंबवाले विचारतात. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे फुलांचा एक हंगाम, नेमका जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा पेट्या डोंगळ्यांत अडकलेल्या. हस्त बहाराला, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्या मोकळ्या असतात. यंदा तेवढंच काम घेतलंय.