पहिल्या वर्षाचा डेक्सा

"मॅडम, वरीसभर रोज सुई टोचली, पैसे गेले, आन् हाडं तं अजून कमीच झाले. आता काहून द्याची?"

काटोलकडच्या दादांनी डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. धंतोलीतली ओपीडी भरलेली होती. ज्यांना ही ग्रोथ हार्मोनची सुई चालू होती त्या ताई शेजारी गप्प बसून होत्या. रिपोर्टमध्ये गफलत नव्हती. त्याच यंत्रावर, वर्षाच्या अंतराने काढलेला. कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २ टक्क्यांनी खाली आली होती.

ताईंना दुसऱ्या बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला होता. मेंदूच्या तळाशी असलेली, शरीरातल्या बऱ्याच हार्मोन्सवर ताबा ठेवणारी पियुषिका ग्रंथी गरोदरपणात फुगते, त्यामुळे रक्तदाब कोसळला की तिचा रक्तपुरवठा तुटायला वेळ लागत नाही. हा शीहान सिंड्रोम. दूध आलं नाही, पाळी परतली नाही, थकवा जाईना, आणि 'अशक्तपणा आहे' म्हणत वर्षं निघून गेली. मला खरी चीड याचीच येते. दूध आलं होतं का, पाळी परत सुरू झाली का, एवढं विचारलं तरी निदान सुचतं. ताईंना ते कुणी विचारलंच नव्हतं.

ग्रंथी निकामी झाली की कमी पडलेली हार्मोन्स बाहेरून द्यावी लागतात, आणि तीही क्रमानेच. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. इस्ट्रोजेन आम्ही पॅचमधून दिलं, कारण गोळीतलं इस्ट्रोजेन यकृतात ग्रोथ हार्मोनचं काम दाबतं. ग्रोथ हार्मोनची सुई सगळ्यात शेवटी, रोज रात्री, अगदी लहान डोसपासून.

दादांना मी हाडांचं गणित सांगितलं. हाड सतत खणलं जातं आणि भरलं जातं. खणणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. ग्रोथ हार्मोन नसलं की दोन्ही मंदावतात. सुई सुरू झाली की दोन्ही कामाला लागतात, पण खणणं काही आठवड्यांत उरकतं आणि भरायला महिने जातात. नव्या हाडात कॅल्शियम बसायला तर आणखी वेळ लागतो, आणि डेक्साला दिसतं ते फक्त खनिज. म्हणून पहिल्या ६ ते १२ महिन्यांत आकडा जागीच राहतो किंवा थोडा उतरतो. चढलेला दिसायला दीड-दोन वर्षं लागतात.

दादा विचार करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ताणासारखं? पाणी तोडलं का झाड पानं टाकते, लोकं म्हन्ते बगीचा गेला. मंग बहार फुटते."

"बरंचसं तसंच," मी म्हटलं. "फक्त ताणात झाड थांबलेलं असतं. इथे आत काम जोरात चालू आहे." ते रक्तात दिसत होतं. ग्रोथ हार्मोनचा असर दाखवणारं आयजीएफ-१ वयाच्या मानाने योग्य पातळीत आलं होतं, आणि नवं हाड घडत असल्याची खूण असलेलं पी१एनपी चांगलंच वाढलं होतं.

पण एवढंच सांगून मी त्यांना घरी पाठवणार नव्हते. या उपचाराने घनता वाढते, पण पुरुषांत जास्त, बायकांत कमी. हाड मोडणं किती टळतं, याचा पुरावा घनतेच्या पुराव्याइतका भक्कम नाही. ताईंच्या हाडांसाठी इस्ट्रोजेन आणि ड जीवनसत्त्वही तेवढंच मोलाचं, आणि हायड्रोकॉर्टिसोन गरजेपेक्षा जास्त न जाणंही. खर्च हजारांत आहे, तो संत्र्याच्या भावावर अवलंबून आहे, हे मला ठाऊक होतं. तरी वर्षाच्या एका आकड्यावरून सुई बंद करणं मला पटत नव्हतं, आणि ते मी स्पष्ट सांगितलं.

"मले इचारा ना कोणी," ताई म्हणाल्या. "मी आता डब्बा घेऊन वावरात पायी जाते. मांगच्या साली अंगणातच बसून राहत होती. मी सुई घेईन."

दादांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. पुढचा डेक्सा वर्षाने, याच यंत्रावर, असं ठरलं. साखर तपासत राहायची; पायावर सूज किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच फोन करायचा.

"मे महिन्यात लाईट गेली तं फ्रीजमधल्या सुईच्या पेनचं काय करू?" दादांनी विचारलं. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवा, मी सांगितलं, पण पेन फडक्यात गुंडाळून. बर्फाला टेकून गोठलं, तर ते औषध वापरायचं नाही.