आमची वाटचाल: चाळणीखालच्या चुऱ्यापासून

आमचा धंदा मूळचा लाकडी कोळशाचा. कोळसा चाळला की खाली चुरा उरतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. तो स्टार्चच्या खळीत मळायचा, साच्यात दाबायचा, वाळवायचा आणि ब्रिकेट म्हणून विकायचा, एवढ्या हिशेबावर आम्ही सुरू झालो. यात नवं काहीच नव्हतं. अमेरिकेत एल्सवर्थ झ्वॉयर यांनी अशा ठोकळ्याचं पेटंट १८९७ मध्येच घेतलं होतं.

पहिली गिऱ्हाइकं ग्रिलवाली. त्यांचा कोळसा सगळा फुलतो, वर राखेचा पातळ थर धरतो आणि मगच जाळीवर काही ठेवलं जातं. पेटतानाचा वास, धूर तोवर निघून गेलेला असतो. पुढे परसात स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची बंद भट्टी, ठेवणारे येऊ लागले आणि आम्हाला मालच बदलावा लागला. तिथे ११० ते १२० अंश सेल्सिअस तासन्‌तास टिकवायचं असतं. म्हणून न पेटवलेल्या ब्रिकेट्सच्या ढिगावर थोडे फुललेले निखारे टाकतात आणि आग हळूहळू पसरू देतात. म्हणजे शेवटची ब्रिकेट पेट घेते तेव्हा मांस आतच असतं. तिच्यात जे मिसळलंय त्याचा धूर थेट मांसाला लागतो.

तेव्हापासून प्रत्येक घाण्यातली एक ब्रिकेट आम्ही उघड्यावर पेटवतो आणि वास घेतो. डांबराचा किंवा रॉकेलचा भास झाला तरी घाणा बाद. झटपट पेटणाऱ्या, तेल पाजलेल्या ब्रिकेट्स आम्ही करतच नाही. मागणी भरपूर आहे, पण स्मोकरसाठी त्या कुचकामी.

दुसरी डोकेदुखी राखेची. राख साचली की खालची झडप चोंदते, हवा अडते आणि तापमान घसरतं. युरोपच्या ईएन १८६०-२ मानकात लाकडी कोळशाला ८ टक्के राख चालते, ब्रिकेटला मात्र १८. निखारा छान पांढरा दिसावा म्हणून बरेच उत्पादक चुनखडी घालतात, तीही शेवटी राखेतच जमा होते. आम्ही ती काढून टाकली. मग तक्रारी आल्या, ‘पेटलीय की नाही ते कळत नाही!’ खरंय, जरा वाकून बघावं लागतं.

नारळाच्या करवंटीची ब्रिकेट आम्ही नंतर आणली. राख कमी, जळते खूप वेळ, पण पेटायला हट्टी. ज्यांना धीर नाही त्यांना आम्ही स्वतःहून लाकडाचीच देतो.

‘कुठल्या ब्रिकेटने चव येते?’ असं अजून विचारतात. ब्रिकेटचं काम धग देणं. चवीसाठी कठीण लाकडाचे सुके तुकडे वेगळे घ्या. आणि पिशवी कोरड्या जागी ठेवा, कारण दमट झाली की स्टार्च सैल पडतो आणि ब्रिकेटचा पुन्हा चुरा होतो.