आठ दात की नऊ?

बाटलीवर जुन्या शाईत ‘सायला सेराटा, भाट्ये’, म्हणजे खेकड्याचं शास्त्रीय नाव आणि गाव, एवढंच लिहिलेलं. आत स्पिरिटमध्ये पांढुरका पडलेला खेकडा, डावी नांगी गायब. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विभागातल्या अशा चाळीस बाटल्यांवरची नावं मला पडताळायची होती आणि पहिलाच गडी असा लंगडा निघाला.

एकेक लक्षण विचारत प्राण्याच्या नावापर्यंत नेणारी प्रश्नमाला म्हणजे कुंजी. छापील कुंजीशी माझं कधी जमलं नाही. तिचा प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. दोन्ही नांग्या सारख्या की लहानमोठ्या, असं तिनं विचारलं आणि माझ्याकडे एकच नांगी. गाडी तिथेच अडली. ऑनलाइन कुंजीत मात्र कुठूनही सुरुवात करता येते, दिसत नाही ते लक्षण सोडून देता येतं. ही कल्पना तशी जुनी. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत १९७०च्या दशकात ‘डेल्टा’ प्रणालीवर काम सुरू झालं आणि तिच्यातल्या ‘इंटकी’ या प्रोग्रॅमनं संगणकावर अशी ओळख पटवणं रुळवलं.

रंगाचं लक्षण मी सोडूनच दिलं. बाजारातल्या मावशीनं लालसर नांगीवरून चिंबोरी झटकन ओळखली असती, पण बाटलीत लाली उरत नाही. पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी, ही खूण केली आणि यादी एकदम आखडली: पोर्च्युनिडी, म्हणजे पोहणाऱ्या खेकड्यांचं कुल. पुढचा प्रश्न, कवचाच्या कडेला डोळ्यापासून बाजूच्या टोकापर्यंत दात किती? भिंगाखाली मोजले, आठ. टाकले आठ.

यादीत एकही नाव उरलं नाही.

पुन्हा मोजले, आठच. मैत्रिणीनं मोजले, तिचेही आठ. मग मी ब्राउझर बंद करून चालू केला, जणू दोष त्याचाच. शेवटी कुंजीतली एक चूक पोटात घालणारी सोय वापरली, म्हणजे एखादं लक्षण जुळलं नाही तरी नाव यादीत राहतं. सायला परत आली आणि तिच्यापुढे न जुळलेलं लक्षण दिसलं: दात नऊ. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं, डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावरचा दातही धरायचा असतो! आम्ही दोघी तो डोळ्याचा समजून वगळत होतो. नऊही दात जवळजवळ सारखे होते. शेवटचा लांब सुळ्यासारखा असता तर याच कुलातली दुसरी प्रजाती, पोर्च्युनस, म्हटलं असतं.

कुंजी प्रजातीपाशी, म्हणजे नुसत्या ‘सायला’पाशी थांबली. जातीसाठी कीनन, डेव्ही आणि मान यांचा १९९८चा शोधनिबंध काढला. त्याआधी या चिंबोऱ्या बहुतेकदा ‘सेराटा’ या एकाच नावाखाली जात. या तिघांनी चार जाती वेगळ्या मांडल्या. सेराटाच्या कपाळावरचे दात उंच आणि नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन ठळक काटे. माझ्याकडच्या एकुलत्या नांगीवर नुसतं टेंगूळ, कपाळाचे दात बुटके, गोलसर. म्हणजे सेराटा नव्हे, त्या चारांतली ऑलिव्हेसिया.

जुनी चिठ्ठी काढायची नसते. नवी पेन्सिलनं लिहिली, कारण स्पिरिटात शाई पसरते, आणि बाटलीत सोडली. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘दात ९’ असंही लिहिलं. उरल्या एकोणचाळीस.