दुसरा आणि चौथा रविवार, संकेश्वर बसस्थानक

बेळगावात मी मराठी, कन्नड आणि इंग्रजी कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करतो. माझ्याकडे येणारे बरेचसे कागद जमिनीचे आणि वारसाचे असले, तरी ज्या कामाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले तो मुलाच्या ताब्याचा दावा होता आणि तो माझ्याच घरातला होता. माझी मामेबहीण बेळगावची, तिचे सासर महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजचे. पतिपत्नी वेगळे झाले तेव्हा मुलगा जेमतेम चार वर्षांचा होता आणि तो आईबरोबर बेळगावला आला. दोघांच्याही संमतीने मी हे लिहीत आहे, नावे मात्र देत नाही. तिच्या यजमानांना मी तेव्हाही दाजी म्हणत होतो आणि आजही तसेच म्हणतो.

बेळगाव ते गडहिंग्लज हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे. आमच्या भागात सोयरिकी जुळवताना मध्ये राज्याची सीमा आहे याचा विचारही कोणी करत नाही. पण संसार मोडला की ती सीमा पहिल्याच नोटिशीत समोर उभी राहते. दाजींनी घटस्फोटाचा आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज गडहिंग्लजला केला, बहिणीने बेळगावला. पालकत्वाच्या १८९० च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो, परंतु चार वर्षांच्या मुलाचे 'सामान्यतः राहणे' कुठले, यावरच दोन्हीकडचे वकील कित्येक तारखा भांडले. एकाच राज्यातील दोन न्यायालये असती तर दावा इकडून तिकडे नेण्याचे काम उच्च न्यायालयात झाले असते. राज्ये दोन असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. एसटीने दीड-दोन तासांत जाता येते अशा दोन गावांमधल्या भांडणासाठी दिल्लीचा वकील करावा लागला. त्यासाठी बहिणीने पाटल्या मोडल्या आणि दाजींनी सोसायटीचे कर्ज काढले.

शेवटी दावा बेळगावला आला आणि न्यायालयाने तो मध्यस्थीकडे पाठवला. तिथे दोघेही समजुतीने वागले, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. मुलगा आईकडे राहील, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते पाच वडिलांकडे असेल, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी आणि 'दिवाळीची पूर्ण सुट्टी' वडिलांकडे राहील, असे ठरले. देवाणघेवाणीचे ठिकाण संकेश्वरचे बसस्थानक, कारण गडहिंग्लजहून ते जवळ आणि बेळगावहून हमरस्त्यावर. दाजींच्या वकिलांनी या अटी मराठीत लिहून दिल्या होत्या आणि त्यांचे कन्नड भाषांतर मी केले.

त्यातली चूक माझ्या लक्षात यायला हवी होती. महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत मिळते, तर कर्नाटकात ती दसऱ्याला मिळते. आमच्या मराठी शाळा मराठी असल्या तरी वेळापत्रक कर्नाटकाचेच पाळतात. मी स्वतः याच शाळांत शिकलो, दसऱ्याच्या सुट्टीतच मामाकडे जात आलो, आणि तरीही 'दिवाळीची सुट्टी' हे शब्द मी जसेच्या तसे कन्नडमध्ये उतरवले. २०२४ मध्ये दिवाळीची सुट्टी गुरुवार ३१ ऑक्टोबर ते रविवार ३ नोव्हेंबर एवढीच मिळाली. दाजींनी मुलासाठी दोन आठवड्यांचे बेत आखले होते. भाऊबीज रविवारी होती, त्यांच्या भाच्या ओवाळणार होत्या, आणि त्याच संध्याकाळी मूल परत करायचे हे त्यांना शक्यच वाटेना. करारात 'पूर्ण सुट्टी' लिहिले आहे, असे ते म्हणत होते, आणि ते खोटे नव्हते. मुलाची शाळा सोमवारी सुरू झाली आहे, असे बहीण म्हणत होती, तेही खोटे नव्हते. मुलगा आठ दिवस शाळेला गेला नाही आणि बहीण आदेशभंगाचा अर्ज घेऊन वकिलांकडे गेली.

त्या अर्जात एक वाक्य होते, 'वडील मुलाच्या शिक्षणाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करतात'. पुरावा म्हणून कन्नडच्या वहीची छायाप्रत जोडली होती, कारण वडिलांकडून येताना कन्नडचा गृहपाठ दर वेळी कोरा येत असे. मुलगा तेव्हा तिसरीत होता, मराठी माध्यमात असला तरी कन्नड त्याला शिकावेच लागते, आणि त्या पानावर ओत्ताक्षरे, म्हणजे अक्षराखाली लिहायची जोडाक्षरे गिरवायची होती. दाजींची आजी हुक्केरीकडची. ते कन्नड अस्खलित बोलतात, बाजारात आणि शेतात निम्मे बोलणे त्यांचे कन्नडमध्येच चालते. पण त्यांना कन्नड वाचता येत नाही. संकेश्वरच्या स्थानकावर बाकावर बसून ते वही उलटीसुलटी धरून पाहत होते आणि मुलगा बोट ठेवून त्यांना सांगत होता, "पप्पा, हे खाली लिहायचं असतं," हे मी स्वतः पाहिले आहे. हे पाहिलेल्या माणसाने 'जाणूनबुजून' हा शब्द भाषांतरित करायचा होता. मी बहिणीला तसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने तो शब्द काढायला लावला. अर्ज मात्र तिने दिला, आणि माझ्या मते तो देणे बरोबरच होते.

मुलाच्या ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब यांच्या खटल्यात १९७३ सालीच घेतली. यशिता साहू यांच्या २०२० च्या निकालात तर भेटी कशा, कोणत्या रीतीने आणि कोणत्या तपशिलांसह व्हायच्या हे आदेशात स्पष्ट हवे, असे सांगितले आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला रोज थोडा वेळ तरी व्हिडिओवर मुलाशी बोलता आले पाहिजे, असेही म्हटले आहे. आपल्याकडचे बहुतेक समझोते मात्र 'सोयीनुसार', 'वाजवी वेळी', 'सणासुदीला' अशा शब्दांवर उभे असतात. ज्या दिवशी दोघांचे बरे चालले असेल त्या दिवशी हे शब्द पुरतात. नसेल त्या दिवशी प्रत्येक शब्दाचे दोन अर्थ होतात आणि मूल स्थानकावर ताटकळत बसते.

अर्जाची सुनावणी चालू असतानाच फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांतली बससेवा काही दिवस विस्कळीत झाली. नेमका त्यातच चौथा रविवार आला. महाराष्ट्र पासिंगची मोटारसायकल घेऊन जाऊ नकोस, असे घरच्यांनी दाजींना बजावले आणि ते आले नाहीत. बहिणीने त्याची तक्रार केली नाही, पण तारखेला तो विषय काढला.

सुधारित अटी या सगळ्यातून तयार झाल्या. दसऱ्याच्या सुट्टीचा दुसरा निम्मा भाग वडिलांकडे, सुट्टी शाळेच्या परिपत्रकाप्रमाणेच मोजायची. भाऊबीज गडहिंग्लजला, परंतु रात्री आठपर्यंत संकेश्वरला परत. बस बंद असल्यास बुडालेला रविवार पुढच्या रविवारी. रोज संध्याकाळी साडेसात वाजता दहा मिनिटे व्हिडिओ कॉल. कन्नडचा गृहपाठ आईकडेच, गणित आणि मराठी दोघांकडे. कर्नाटकातल्या जातनिहाय सर्वेक्षणाच्या कामामुळे २०२५ ची दसऱ्याची सुट्टी सरकारी आणि अनुदानित शाळांना १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवून मिळाली, तेव्हा वाढलेले दिवस कोणाचे हा प्रश्न आलाच. पण या वेळी तो वकिलांकडे गेला नाही. बहिणीने परिपत्रकाचा फोटो दाजींना पाठवला, दाजींनी दिवस मोजून निम्मे मागितले, आणि तिने एक दिवस जास्त दिला, कारण त्यांच्याकडे त्या आठवड्यात भाताची कापणी होती आणि मुलाला ती पाहायची होती.