लिंब फाट्यावरून आत

फेब्रुवारीतला शनिवार. सकाळचा चहा पिता पिता आई म्हणाली, "कुठेतरी जाऊ या गं." कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. दोन दिवसांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या आणि तिच्या गोळ्यांचा डबा एवढं गाडीत टाकून साडेसातला आम्ही पुण्याबाहेर पडलो. लॉजचं बुकिंग नाही, बघायच्या ठिकाणांची यादी नाही. ठरलं होतं एकच: सातारा आला की हायवे सोडायचा.

तो त्याआधीच सुटला. खंबाटकीच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. त्यातून बाहेर पडेपर्यंत आईचे पाय अवघडले. कुठे थांबावं असा विचार करत होते आणि लिंब फाट्याची पाटी आली. या पाटीवरून मी आजवर पन्नास वेळा तरी गेले असेन, पण आत कधी वळले नव्हते.

लिंबची बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या घराण्यातल्या वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. तसा शिलालेख तिथे आहे. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची ही अष्टकोनी विहीर लांबून शेतातल्या विहिरीसारखीच दिसते. पायऱ्या उतरून कमानीतून आत शिरलं की कळतं, हा विहिरीतच बांधलेला महाल आहे. भिंतीतल्या अरुंद जिन्याने वर गेलं की कोरीव खांब, मोकळी बैठक आणि खाली हिरवंगार पाणी. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पण आतला दगड हाताला गार लागत होता.

मला महालाचं कौतुक. आई मात्र विहिरीच्या काठावर रमली. तिच्या आजोळी ती लहान असताना मोट चालायची. "ही बघ, इथून मोट वर यायची. हे थारोळं, पाणी यात ओतायचं आणि तिथून पाटाला लागायचं. बैल त्या बाजूला धावेवरून खाली जायचे." नाडा कसा करकरायचा, मोट रिकामी होताना कसा आवाज व्हायचा, मामा मोटेवर कोणती गाणी म्हणायचा, सगळं तिने सांगितलं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून हे नाव, असं मी वाचलं होतं. पण बारा मोटा म्हणजे किती बैल, किती माणसं आणि केवढा गलका, याचा अंदाज मला तिथे तिच्या शेजारी उभं राहिल्यावर आला. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

साताऱ्याहून रहिमतपूरचा रस्ता धरला. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत गेल्या आणि शाळूची शेतं दिसायला लागली. काढणी सुरू होती. औंधला पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

औंध म्हणजे सूर्यनमस्कार, एवढंच मला शाळेपासून ठाऊक. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे इतकी जवळून बघता येतात की रंगाचा थर दिसतो. हेन्री मूरचं दगडातलं आई आणि मूलही आहे. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं आहेत, त्याचं काम खटाव तालुक्यातल्या या टेकडीवर! आई त्या शिल्पासमोर बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. याच राजांनी १९३९ मध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या आधी, आपल्या ७२ गावांच्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. एवढं मोठं काम झालेल्या गावाला आपण शाळेच्या सहली का नेत नाही, हा प्रश्न मला अजून छळतोय.

रात्री विट्यात मुक्काम. चौकात चहा पिताना शेजारच्या बाकावरचा माणूस फोनवर अस्खलित तमिळ बोलत होता. फोन ठेवून त्याने चहावाल्याला मराठीत साखर कमी टाकायला सांगितलं, तेव्हा आईला राहवलं नाही. गलाईवाला होता तो. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे विटा, खानापूर, आटपाडी भागातले हे लोक भारतभर पसरले आहेत. पाऊस बेभरवशाचा म्हणून गाव सोडलेली माणसं. हा पंचवीस वर्षं तमिळनाडूत होता, यात्रेसाठी गावी आला होता. "पोरं तिकडंच शिकली, पण घर हितं बांधलंय," म्हणाला. तासगाव-मिरजेचा रस्ता त्यानेच आम्हाला सुचवला.

तासगावच्या गणपतीचं सात मजली दाक्षिणात्य गोपूर बघितलं. गावाबाहेर रस्त्याकडेला बेदाण्याच्या शेडांत हिरव्या जाळीमागे द्राक्षं वाळत होती. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, असं तिथल्या काकूंनी सांगितलं आणि आईच्या ओंजळीत अर्धवट वाळलेले मणी ठेवले. बाहेरून सुरकुतलेले, आत अजून रस.

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो ते नुसतं बघायला. एका दुकानात वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तार घुमावी म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासत होते. घोडीवर कानस अगदी हलकी, दोनदाच फिरवायची, मग तार छेडून कान द्यायचा. पुन्हा दोनदा. पंधरा-वीस मिनिटं हेच चाललं होतं. आवाज अजून बंदच होता, ठोकल्यासारखा. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा सरकवला. याला जीवा म्हणतात. दोरा केसभर पुढे, केसभर मागे करता करता एका जागी तार अशी काही झणाणली की आईने माझा हात घट्ट धरला. ते मात्र मान हलवून पुढच्या तारेकडे वळले.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. कोपऱ्यात वाळलेल्या भोपळ्यांची रास होती. मोठमोठे, आतून पोकळ, टिचकी मारली की घुमणारे. आईने एकाला टिचकी मारली आणि विचारलं, "हे कुठून आणता तुम्ही?"

"पंढरपूरकडचे. तिकडं भीमेच्या काठाला पिकतात."

रविवारची दुपार झाली होती. परत हायवेने निघालो तर रात्री वेळेत घरी. आईने माझ्याकडे बघितलं. मी ऑफिसला एका दिवसाच्या रजेचा मेसेज टाकला आणि दारातच पंढरपूरचा रस्ता विचारून घेतला.